बुकर जिंकणारी पुस्तकं छोट्या प्रकाशनांकडून का येतात? आणि मराठी कादंबरी नेमकी कुठे अडते?

‘हार्ट लॅम्प’ या पुस्तकाची ब्रिटिश आवृत्ती कधी हाती लागली, तर आधी शेवटची पानं उघडून बघा. तिथे कथा नाही. ओळीने नुसती माणसांची नावं आहेत. हे लोक लेखिकेचे नातेवाईक नाहीत, संपादकही नाहीत. ते वर्गणीदार आहेत. पुस्तक छापखान्यात जायच्या आधीच त्यांनी पैसे भरले होते, आणि प्रकाशकाने नावं छापून त्यांचे आभार मानले.

२० मे २०२५ ला लंडनमध्ये याच पुस्तकाला इंटरनॅशनल बुकर पुरस्कार जाहीर झाला. कन्नड लेखिका बानू मुश्ताक आणि अनुवादक दीपा भास्ती यांचे स्टेजवरचे फोटो तुम्ही फीडमध्ये पाहिले असतील. कन्नडला पहिल्यांदा, कथासंग्रहाला पहिल्यांदा, भारतीय अनुवादकाला पहिल्यांदा, अशा ‘पहिल्यांदा’च्या पोस्ट दोन दिवस फिरत होत्या. ज्या प्रकाशनाने हे पुस्तक काढलं त्याचं नाव मात्र फार थोड्या पोस्टमध्ये दिसलं.

ते नाव आहे अँड अदर स्टोरीज. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातली ही छोटी संस्था. स्टीफन टॉब्लर या अनुवादकाने २००९ मध्ये ती सुरू केली. मोठा समूह पाठीशी नाही. वाचक वर्षाची वर्गणी भरतात, त्यांना वर्षभरात ठरावीक पुस्तकं घरपोच मिळतात, आणि त्या पैशांवर पुढची पुस्तकं उभी राहतात.

हासनमध्ये राहणाऱ्या, कन्नडमध्ये लिहिणाऱ्या ७७ वर्षांच्या वकीलबाईंचं पुस्तक जगभरात जातं, आणि ते नेणारी संस्था अशी. हा योगायोग आहे का?

दहापैकी आठ

योगायोग म्हणावा तर आकडे जुळत नाहीत.

इंटरनॅशनल बुकर आजच्या स्वरूपात २०१६ पासून दिला जातो. त्याआधी तो दर दोन वर्षांनी, लेखकाच्या एकूण कामगिरीसाठी असायचा. यू. आर. अनंतमूर्ती २०१३ मध्ये अंतिम यादीत होते ते त्या जुन्या पद्धतीत. आता तो एकाच पुस्तकाला मिळतो. पुस्तक दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेलं हवं आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेलं हवं. रक्कम ५०,००० पौंड, आणि ती लेखक व अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. हा ‘निम्मी-निम्मी’ मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१६ ते २०२५ या दहा वर्षांतली दहा विजेती पुस्तकं घेतली तर त्यातली आठ स्वतंत्र प्रकाशनांची आहेत. मोठ्या समूहांची फक्त दोन, २०१७ आणि २०२३ ची. २०२५ च्या अंतिम यादीत तर सहाच्या सहा पुस्तकं स्वतंत्र प्रकाशनांची होती. या आठांमध्ये फेबर आणि ग्रँटासारखी जुनी, नावाजलेली घरंही आहेत, त्यामुळे सगळेच काही दोन खोल्यांतून चालतात असं नाही. पण भारतीय भाषांतली जी दोन पुस्तकं जिंकली, त्यांचे प्रकाशक खरोखरच छोटे होते.

‘स्वतंत्र’ म्हणजे नक्की कुणापासून?

इंग्रजी पुस्तकांचा बाजार पाच मोठ्या समूहांच्या हातात आहे: पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स, हॅशेट, सायमन अँड शुस्टर आणि मॅकमिलन. या समूहांच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर चालणारं प्रकाशन म्हणजे इंडिपेंडंट किंवा ‘इंडी’ प्रकाशन. इंडी सिनेमा आणि इंडी म्युझिकमधला इंडी तोच.

मोठ्या समूहात पुस्तक घ्यायचं ठरवताना सहसा आधीच्या विक्रीचे आकडे मांडले जातात. या लेखकाचं मागचं पुस्तक किती खपलं? यासारखं पुस्तक कुणाचं आहे, ते किती खपलं? कन्नड किंवा मराठी लेखकाच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं. संपादकाला भाषा येत नाही, म्हणून मूळ पुस्तक वाचता येत नाही. वर अनुवादाचा खर्च. फाइल तिथेच बंद होते.

छोटं प्रकाशन वेगळ्या वाटेने जातं. त्याचा भरवसा आकड्यांपेक्षा माणसावर असतो, आणि तो माणूस म्हणजे अनुवादक. अनुवादक सांगतो की हे पुस्तक आहे, ही वीस पानं मी करून आणली आहेत, वाचून बघा. संपादकाला पानं आवडली तर तो पैसे शोधायला लागतो. ब्रिटनमध्ये इंग्लिश पेन ही संस्था यासाठी अनुदान देते. अनुवादाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, आणि प्रकाशन अगदी छोटं असेल तर १०० टक्क्यांपर्यंत. ‘हार्ट लॅम्प’ला हे अनुदान मिळालं होतं.

म्हणजे पुरस्काराच्या रात्री दिसतात दोन व्यक्ती. त्यांच्या मागे वर्गणीदारांची यादी असते आणि अनुदानाचा एक चेक असतो.

हासन ते शेफिल्ड

बानू मुश्ताक यांचा प्रवास बघितला तर त्यांच्या वाटेवर मोठी संस्था जवळपास कुठेच भेटत नाही.

जन्म १९४८ चा. घरात दखनी उर्दू, शाळा कन्नड माध्यमाची. त्यामुळे लेखनाची भाषा कन्नड झाली. काही काळ त्यांनी ‘लंकेश पत्रिके’मध्ये पत्रकारिता केली. पी. लंकेश यांचं हे साप्ताहिक जाहिराती न घेता चालायचं. पुढे वकिली. सत्तरचं दशक संपत असताना कर्नाटकात बंडाय साहित्य चळवळ उभी राहिली. ‘बंडाय’ म्हणजे बंडच. दलित, स्त्रिया, मुसलमान, ज्यांच्यावर लिहिलं जात होतं पण ज्यांनी लिहिलेलं छापलं जात नव्हतं, त्यांची ही चळवळ. आपल्याकडच्या दलित साहित्याच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. बानू मुश्ताक या चळवळीतल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक.

त्यांच्या कथा मुसलमान घरांतल्या बायकांच्या आहेत. नवरा सोडून जातो, मशिदीच्या समितीकडे दाद मागायची तर तिथे सगळे पुरुष बसलेले. २००० मध्ये, बायकांना मशिदीत प्रवेशाचा हक्क आहे असं जाहीरपणे म्हटल्यावर त्यांच्याविरुद्ध फतवा निघाला आणि बहिष्कार टाकला गेला. एक माणूस चाकू घेऊन अंगावर आला, त्यातून त्या बचावल्या. पंचवीस वर्षांनी, बुकरनंतर, म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते करायला दुसऱ्या बाजूने विरोध झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने याचिका फेटाळली आणि उद्घाटन त्यांनीच केलं. दोन्ही बाजूंना सारख्याच खटकणाऱ्या लेखिका फार नसतात.

त्यांची एक कथा इंग्रजीच्या कितीतरी आधी पडद्यावर गेली. ‘करी नागरगळु’ या कथेवर गिरीश कासरवल्ली यांनी २००४ मध्ये ‘हसीना’ हा सिनेमा केला आणि त्यासाठी अभिनेत्री तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समांतर सिनेमाला दिसलेली ही लेखिका इंग्रजी प्रकाशनाला दिसायला आणखी वीस वर्षं लागली.

दिसली, ती दीपा भास्ती यांच्यामुळे. ‘हार्ट लॅम्प’ नावाचं पुस्तक कन्नडमध्ये नव्हतंच. १९९० ते २०२३ या काळातल्या कथांमधून दीपा यांनी बारा निवडल्या आणि पुस्तक घडवलं. अनुवादकाने इथे संपादकाचंही काम केलं. शिवाय एक ठाम निर्णय घेतला: कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरक्या टाइपात टाकायचे नाहीत आणि तळटीपा द्यायच्या नाहीत. इंग्रजीला बोलीचा हेल राहू द्यायचा. लंडनच्या वाचकाला एखादा शब्द अडला तर अडू दे, आपणही लहानपणी इंग्रजी कादंबऱ्यांत अडत अडतच वाचत होतो की! असा हट्ट किती मोठ्या प्रकाशनांनी चालवून घेतला असता, मला शंका आहे.

भारतीय आवृत्ती पेंग्विन रँडम हाउस इंडियाने काढली, हेही सांगायला हवं. मोठे समूह या गोष्टीतले खलनायक नाहीत. पण ब्रिटनमध्ये पहिला धोका पत्करला तो शेफिल्डने.

त्याआधी ‘रेत समाधी’

२०२२ ची गोष्ट याच धर्तीची. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधी’ राजकमल प्रकाशनाने २०१८ मध्ये हिंदीत काढली. डेझी रॉकवेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘टूम ऑफ सँड’ २०२१ मध्ये आला. सातशेहून जास्त पानं, नायिका ऐंशी वर्षांची, विरामचिन्हांशी खेळणारी भाषा. विक्री विभागाला घाम फोडणारं पुस्तक. ते घेतलं टिल्टेड ॲक्सिस प्रेसने.

ही संस्था २०१५ मध्ये सुरू केली डेबोरा स्मिथ यांनी. नाव ओळखीचं वाटतं? पुढे नोबेल मिळवणाऱ्या हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’च्या त्या अनुवादक, २०१६ च्या बुकरच्या सहविजेत्या. म्हणजे दोन्ही विजेत्या भारतीय पुस्तकांचे ब्रिटिश प्रकाशक मुळात अनुवादकांनी उभे केले. टिल्टेड ॲक्सिस अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापतं आणि त्याला रॉयल्टी देतं. ही साधी गोष्ट वाटते. तुमच्या कपाटातली अनुवादित मराठी पुस्तकं काढून बघा, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे की आतल्या पानावर.

जिंकल्यावर मग वेग आला. अमेरिकेतली आवृत्ती २०२३ मध्ये हार्परकॉलिन्स समूहातल्या हार्परव्हियाने काढली.

गीतांजली श्री यांना इंग्रजीत पहिल्यांदा आणणारंही छोटंच प्रकाशन होतं. त्यांची ‘माई’ ही कादंबरी नीता कुमार यांच्या अनुवादात २००० मध्ये आली, दिल्लीच्या काली फॉर विमेनकडून. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं हे स्त्रीवादी प्रकाशन. बुकरच्या बातम्यांत त्याचा उल्लेख जवळपास कुणी केला नाही.

नागरकोइलचं एक मासिक

‘हे सगळं ब्रिटनमध्ये होतं, आपल्याकडे कुठे शक्य आहे’ असं वाटत असेल तर तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला, नागरकोइलला जाऊ.

सुंदर रामस्वामी या लेखकाने १९८८ मध्ये तिथे ‘कालचुवडू’ हे छोटं साहित्यिक नियतकालिक सुरू केलं. त्यांचे चिरंजीव कण्णन यांनी पुढे त्याला प्रकाशनाची जोड दिली. तमिळ पुस्तकं काढणाऱ्या या प्रकाशकाने एक काम लवकर शिकून घेतलं: अनुवादाचे हक्क विकणं. फ्रँकफर्टच्या ग्रंथमेळ्यात जायचं, परदेशी संपादकांना भेटायचं, आपल्या लेखकांची माहिती इंग्रजीत तयार ठेवायची.

पेरुमाळ मुरुगन हे त्यांचे लेखक. त्यांची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी २०१० ची. अनिरुद्धन वासुदेवन यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि २०१४ च्या अखेरीस तिरुचेंगोडे भागात निदर्शनं सुरू झाली. जानेवारी २०१५ मध्ये मुरुगन यांनी फेसबुकवर स्वतःतला लेखक मेल्याचं जाहीर केलं, ते तुम्हाला आठवत असेल. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहायला सांगितलं. मुरुगन यांनी खरोखर लिहिलं. २०२३ मध्ये ‘पायर’ या अनुवादित कादंबरीमुळे इंटरनॅशनल बुकरच्या लांबलचक पहिल्या यादीत पहिल्यांदाच तमिळ पुस्तक आलं. ब्रिटिश प्रकाशक होता पुश्किन प्रेस. तोही स्वतंत्र.

मग मराठीत असं काही नव्हतं का?

होतं, आणि जोरात होतं.

वर्गणीदारांच्या पैशातून पुस्तकं काढायची कल्पना शेफिल्डची नाही. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली तीच मुळी ‘वाचक चळवळ’ म्हणून. वाचकांनी सभासद व्हायचं, आधी पैसे भरायचे, पुस्तकं स्वस्तात घ्यायची. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये. ही आत्मकथनं आहेत, कादंबऱ्या नव्हेत, हे मान्य. पण पुढच्या पिढीतल्या मराठी कथा-कादंबरीची जमीन त्यांनी बदलली.

किंवा अरुण कोलटकर घ्या. कथा-कादंबरीच्या लेखात कवी कुठून आला, असं विचाराल. पण स्वतंत्र प्रकाशनाचा विषय त्यांना टाळून पुढे जात नाही. त्यांचं ‘जेजुरी’ १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसने पुस्तकरूपात आणलं. हे प्रकाशन म्हणजे आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, असे चार कवी. लिहिणारे तेच आणि छापणारेही तेच. पुढच्याच वर्षी पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठीत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने कोलटकरांच्या कविता छापल्या.

त्यामागे साठच्या दशकातली लघुअनियतकालिकांची पार्श्वभूमी आहे. ‘अनियतकालिक’, म्हणजे कधी निघेल ते सांगता येत नाही! हा शब्द मला फार आवडतो.

आणि दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली ही प्रथा आजही मराठी कथेचं मोठं व्यासपीठ आहे. दरवर्षी ठरलेल्या वेळी कथा, दीर्घकथा छापणारे इतके अंक, त्यातले कितीतरी एकट्यादुकट्या संपादकाने काढलेले. इतर भाषांतल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

म्हणजे लेखक आहेत, छापणारे आहेत, वाचकांनी पैसे उभे करायची सवयही आहे.

मग गाडी अडते कुठे?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक होते. कन्नड ४.४ कोटी, मल्याळम ३.५ कोटी. आता जेसीबी पुरस्काराची यादी घ्या. २०१८ ते २०२४ अशी सात वर्षं दिलेला, भारतीय लेखकाच्या इंग्रजीतल्या किंवा इंग्रजीत आलेल्या कथात्म पुस्तकासाठीचा हा २५ लाखांचा पुरस्कार. सातपैकी पाच वेळा अनुवादित पुस्तक जिंकलं. तीन मल्याळम, एक उर्दू, एक तमिळ. मराठी शून्य. शरणकुमार लिंबाळे यांची ‘सनातन’ २०२४ च्या अंतिम यादीत पोहोचली होती, परोमिता सेनगुप्ता यांच्या अनुवादात.

दर्जाचा प्रश्न आहे का? मला तसं वाटत नाही. गेल्या काही वर्षांत साहित्य अकादमी मिळालेली कथात्म पुस्तकं बघा. जयंत पवार, आसाराम लोमटे, नंदा खरे (त्यांनी तो नम्रपणे नाकारला), किरण गुरव, प्रवीण बांदेकर, कृष्णात खोत. गिरणगावापासून मराठवाड्यापर्यंत आणि तळकोकणापासून धरणात गेलेल्या गावापर्यंत. यांच्या जोडीला अवधूत डोंगरे, प्रणव सखदेव यांच्यासारखे तरुण.

अडतं ते मधल्या माणसापाशी. मल्याळममधून इंग्रजीत नियमितपणे कथात्म साहित्य आणणाऱ्या जयश्री कलाथिल, फातिमा ई. व्ही. यांच्यासारख्या अनुवादकांची फळी तयार झाली आहे. मराठीसाठी आपण फिरून फिरून त्याच नावांपाशी येतो: शांता गोखले आणि जेरी पिंटो. दोघांचं काम अफाट आहे, पण दोन माणसांच्या खांद्यावर एक भाषा किती काळ टाकायची?

एक पुस्तक ओलांडायला किती वेळ घेतं बघा. ‘कोसला’ १९६३ ची, इंग्रजी अनुवाद १९९७ ला. ३४ वर्षं. ‘बलुतं’ १९७८ चं, जेरी पिंटो यांचा अनुवाद २०१५ ला. ३७ वर्षं. आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’? २००६ मध्ये मराठीत, २०१३ मध्ये पिंटो यांच्याच इंग्रजीत. फक्त सात. पुढे अमेरिकेत ती द न्यू प्रेस या ना-नफा प्रकाशनाने काढली आणि २०२२ मध्ये कुंडलकर यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. मराठी साहित्यात सात वर्षांत काही मोठा बदल झाला म्हणून हे झालं नाही. वेळेवर एक अनुवादक भेटला म्हणून झालं.

अनुवादक तयार का होत नाहीत? कारण पहिली वीस पानं फुकट करावी लागतात. नमुन्याची पानं, पुस्तकाची ओळख, लेखकाची माहिती, हे सगळं काम करार होण्याआधीचं. नोकरी सांभाळून, रात्री. कोरियात सरकारी संस्था यासाठी पैसे देते, नॉर्वेतही देते. म्हणून त्या भाषांतल्या पुस्तकांची नमुन्याची पानं संपादकांच्या टेबलावर आधीच पोहोचलेली असतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यातून येणारा पैसा जुन्या ग्रंथांच्या संशोधनाबरोबर आजच्या कादंबरीच्या वीस पानांवर खर्च होणार का, हा प्रश्न मी अजून कुणाला विचारताना ऐकलेला नाही.

दुसरी अडचण कागदपत्रांची. गेल्या वर्षी एका पुस्तक प्रदर्शनात मी स्टॉलवरच्या प्रकाशकांना विचारलं, ‘काका, या कादंबरीच्या अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत?’ ते हसले. म्हणाले, ‘लेखकाकडे असतील. नाहीतर आमच्याकडे. बघावं लागेल.’ काका मनाने चांगले, चहाही पाजला. पण शेफिल्डहून मेल आला तर ‘बघावं लागेल’ या उत्तरावर करार होत नाही.

आणि पोस्टाचं काय?

हे वाचून हसाल, पण छोट्या प्रकाशनांचं जगणं-मरणं पोस्टाच्या दरावर असतं. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती अनेकदा पाचशे ते हजार प्रतींची. दुकानं कमी, म्हणून विक्री घरपोच. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा बंद केली तेव्हा देशभरातल्या छोट्या प्रकाशकांनी आरडाओरडा केला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा. पण ठरावीक काळाने निघणारी नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत. म्हणजे कादंबरी जाते, पण जिथे तो कादंबरीकार पहिल्यांदा छापला गेला ते मासिक जात नाही.

खाजगी पैशाचाही भरवसा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभरहून अधिक लेखकांनी जेसीबी पुरस्काराविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. एकीकडे घरं पाडणारे बुलडोझर बनवायचे आणि दुसरीकडे साहित्याचा पुरस्कार द्यायचा, हा त्यांचा आक्षेप. २०२५ मध्ये पुरस्कार दिलाच गेला नाही. आक्षेप मला पटतो. पण भारतात अनुवादकालाही लाखांत रक्कम देणारे पुरस्कार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यातलं एक बोट गेलं, हेही तितकंच खरं आहे.

उलट्या दिशेने येताना

परक्या भाषेतून मराठीत येणारा रस्ता मात्र बराच रुळलेला आहे. एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या आज मराठी घराघरांत आहेत त्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे. त्यांना सुरुवातीला कन्नड लिपी सराईतपणे वाचता येत नव्हती. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर मोठ्याने वाचायचे, टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. विरूपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करायचे. एका घरात दोन्ही दिशांची वाहतूक.

सुरुवात कुठून कराल?

‘हार्ट लॅम्प’ वाचायचं असेल तर ‘ब्लॅक कोब्राज’पासून सुरू करा. ‘हसीना’ सिनेमा याच कथेवरचा. इंग्रजी वाचणाऱ्या, पण मराठी न येणाऱ्या मित्राला काही द्यायचं असेल तर ‘कोबाल्ट ब्लू’ सोपं पडेल. अवधूत डोंगरे यांच्या दोन छोट्या कादंबऱ्या नदीम खान यांच्या अनुवादात एकत्र मिळतात, दिल्लीच्या रत्ना बुक्स या छोट्या प्रकाशनाने काढलेल्या. दुकानात बहुधा दिसणार नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतील. आणि या दिवाळीत अंक घ्याल तेव्हा कथेखालचं नाव बघून ठेवा, त्या लेखकाचं पुस्तक आहे का ते थेट संपादकाला विचारा. फोन नंबर आतल्या पानावर असतो, आणि बहुतेक वेळा तो संपादक स्वतःच उचलतो.